संच मोठा, चित्र पुसट : असे का?

हल्ली आपल्या वस्तीत घरोघरी भिंतीवर मोठा, चपटा टी.व्ही. दिसतो. पुष्कळांनी तो हप्त्यांवर घेतलेला असतो. परंतु संच सुरू केला की मन खट्टू होते. चेहरे पुसट आणि अक्षरांच्या कडा फाटलेल्या! आमच्या घरीही तेच घडले. ४३ इंची एचडी संच आणला आणि आठ महिने जुन्या डबा टी.व्ही.पेक्षाही वाईट चित्र पाहिले. दुकानदार म्हणाला, "याहून वरचा संच घ्या." सुदैवाने वस्तीतला आय.टी.आय.चा एक विद्यार्थी सहज घरी आला. संचाच्या मागे डोकावून तो म्हणाला, "काका, आधी ही पिवळी वायर काढा." नवे हप्ते वाचले. इतरांचेही वाचावेत, म्हणून हा लेखप्रपंच.

धम्म आपल्याला कार्यकारणभाव शिकवतो. कारण असल्याशिवाय कार्य घडत नाही. टी.व्ही.वरील चित्राचेही तसेच आहे. येणारे प्रक्षेपण, ते आणणारी वायर, संचाची मांडणी आणि बसण्याची जागा ही त्याची चार कारणे. यांतील एक कच्चे असले, तरी महागडा संच काही करू शकत नाही.

पहिले कारण प्रक्षेपण. टी.व्ही.चे चित्र बारीक ठिपक्यांचे बनते. आपल्याकडील साध्या वाहिनीच्या चित्रात जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० ठिपके असतात. पूर्ण एचडी संचाच्या पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. हे प्रमाण पाचपट झाले. जे ठिपके आलेच नाहीत, ते संच शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरतो. पुसटपणा येतो तो येथूनच. फोर-के संचात तर ८२,९४,४०० ठिपके असतात, म्हणजे साध्या वाहिनीच्या वीसपट. तेव्हा महाग संच घेतल्याने साधी वाहिनी एचडी होत नाही. त्यासाठी सेट-टॉप बॉक्स एचडी हवा आणि वाहिनीही एचडीच लावायला हवी. अनेक वाहिन्यांच्या साध्या व एचडी अशा दोन आवृत्त्या वेगवेगळ्या क्रमांकांवर असतात. बॉक्सच्या मेनूत चित्राची पातळी १०८० ठेवावी. इंटरनेटवरून पाहणाऱ्यांना साधारण ५ एमबीपीएस वेग लागतो. वेग कमी पडला की चित्राचा दर्जा आपोआप उतरतो.

दुसरे कारण वायर. पिवळ्या, लाल व पांढऱ्या टोकांच्या वायरींपैकी पिवळी चित्र नेते, पण फक्त जुन्या दर्जाचे. बॉक्स एचडी असला तरी पिवळ्या वायरीतून एचडी चित्र जातच नाही. त्यासाठी एचडीएमआय वायर हवी. ती महागडीच पाहिजे असे नाही. एक-दोन मीटर अंतराला साधी, धड वायर तेच चित्र देते.

तिसरे कारण मांडणी. दुकानातल्या झगमगाटात उठून दिसावे म्हणून संचात 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' अशी भडक मांडणी दिलेली असते. घरी 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' निवडावी. दोन दिवस चित्र पिवळसर वाटेल, मग डोळा सरावतो आणि माणसांचा वर्ण खरा दिसू लागतो. 'शार्पनेस' वाढवल्याने तपशील वाढत नाही, कडांना पांढरी रेघ मात्र येते. ती जाईपर्यंत तो कमी करावा. 'ब्राइटनेस' इतकाच ठेवावा की काळ्या कोटाच्या चुण्या दिसाव्यात, पण काळा रंग राखाडी होऊ नये. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे असतात. काही संच मधली चित्रे स्वतःच बनवून घालतात, त्यामुळे चित्रपट मालिकेसारखा गुळगुळीत वाटतो. चित्रपट पाहताना ती सोय बंद करावी.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगतो. नामदेव व्हटकर यांनी ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण केले. त्या काळच्या अशा चित्रफितींची चौकट चारास तीन या प्रमाणाची असे. आजचा पडदा सोळास नऊ आहे. पडदा भरावा म्हणून चित्र ताणले, तर माणसांचे चेहरे रुंद व बेढब होतात. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहिलेल्या बऱ्या. विहारात अशी चित्रफीत दाखवताना कार्यकर्त्यांनी याकडे जरूर लक्ष द्यावे.

चौथे कारण जागा. एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावरून उत्तम दिसते. ४३ इंची पडद्याची उंची सुमारे ५३ सेंटिमीटर, म्हणजे सव्वापाच फुटांवर बसावे. आपल्या लहान खोल्यांना हे सोयीचेच आहे! साधी वाहिनी पाहताना मात्र याच्या दुप्पट मागे सरकावे. पडदा खिडकीसमोर नसावा आणि त्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीच्या आसपास असावा.

केसपुत्त येथील कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले, की केवळ ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या. दुकानदाराच्या शब्दालाही हाच नियम लावावा. नवा संच घेण्यापूर्वी जुन्याच्या मागची वायर पाहावी. वाचलेला पैसा मुलांच्या पुस्तकांच्या कामी येईल.

जयभीम!