खंडांची नावे आणि खंडांची ओळख

ग्रंथालयात एका पुस्तकाच्या तीन खुणा असतात : शीर्षक, कपाटातील जागा आणि दाखल क्रमांक. एकाच शीर्षकाची दोन पुस्तके असू शकतात आणि कपाटे हलली की जागाही बदलते. दाखल क्रमांक मात्र त्या एका प्रतीचाच राहतो. सर्व्हरवरील साठवणुकीलाही हाच न्याय लागू आहे, हे मी एका नुकसानीतून शिकलो.

जुन्या मराठी नियतकालिकांच्या स्कॅन केलेल्या पानांचा एक संग्रह मी सांभाळतो. तो ज्या सर्व्हरवर आहे त्यात २४ डिस्क आहेत. डिस्कवर आखलेल्या साठवणुकीच्या स्वतंत्र भागाला ‘व्हॉल्यूम’ म्हणतात. इंग्रजीत ग्रंथाच्या खंडालाही हाच शब्द असल्याने मी येथे ‘खंड’ म्हणतो.

लिनक्स ही कार्यप्रणाली डिस्कना त्या ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने नावे देते. पहिली ‘एसडीए’, दुसरी ‘एसडीबी’. सव्विसावी ‘एसडीझेड’ झाली की पुढची ‘एसडीएए’. हे खरे तर नाव नव्हे, हजेरीतील क्रमांक आहे. सर्व्हर पुन्हा सुरू होताना एखाद्या डिस्कला क्षणभर उशीर झाला, तरी क्रम बदलू शकतो.

माझ्याकडे दोन खंड होते, ‘मूळ’ आणि ‘प्रत’. दर शनिवारी रात्री प्रत मुळाप्रमाणे करावी आणि मुळात नसलेली फाइल प्रतीतून काढून टाकावी, असा आदेश मी लिहून ठेवला होता. कोणती डिस्क कोठे जोडायची, या यादीत मात्र मी हजेरीचीच नावे लिहिली होती. एका शनिवारी दुपारी वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि दोन नावांची अदलाबदल झाली. रात्री आदेश बिनचूक पाळला गेला. मागच्या शनिवारची प्रत ‘मूळ’ ठरली आणि आठवडाभराचे नवे काम पुसले गेले. चुकीची सूचना कोठेही उमटली नाही.

बहुतेक अंक पुन्हा स्कॅन करता आले. पण एका मासिकाच्या बांधीव फाइलीची पाने पहिल्याच वेळी कडांना तुटत होती. दुसऱ्यांदा उघडल्यावर काही पानांचे तुकडेच हाती आले.

यावरचा पहिला उपाय म्हणजे यादीत कायमची ओळख लिहिणे. खंड तयार होतानाच त्याच्यावर ‘यूयूआयडी’ नावाचा १२८ बिटांचा क्रमांक लिहिला जातो. तो ३२ षोडशमान अंकांत, पाच गटांत दाखवतात. डिस्क कोणत्याही खोबणीत बसवली तरी तो बदलत नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. डिस्कची हुबेहूब नक्कल काढली तर हा क्रमांकही नकलेत उतरतो, म्हणून नकलेला आधी नवा क्रमांक द्यावा.

माणसाला वाचता येईल असे नावही खंडाला देता येते. पण ‘ईएक्सटी४’ या रचनेत त्यासाठी १६ बाइटच मिळतात. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते, आणि काना-वेलांटी ही स्वतंत्र चिन्हे धरली जातात. त्यामुळे ५ चिन्हांचे ‘मासिक’ १५ बाइटांत बसते. ६ चिन्हांच्या ‘दिवाळी’ला १८ बाइट लागतात, म्हणून ते बसत नाही. आपल्या भाषेतील नावे द्यायची तर ती आखूडच ठरवावी लागतात.

दुसरा धोका रिकाम्या फोल्डरचा. खंड एका फोल्डरच्या ठिकाणी जोडला जातो. काही कारणाने तो जोडला गेला नाही, तरी फोल्डर तेथेच असतो, फक्त रिकामा. अशा वेळी ‘मूळ’ रिकामे समजून आदेश सगळी प्रत पुसू शकतो. म्हणून प्रत्येक खंडात मी ओळखीची एक छोटी फाइल ठेवली आहे. आदेश आधी ती वाचतो. जुळली नाही तर तेथेच थांबतो आणि मला कळवतो.

तिसरा उपाय साध्या वहीचा. डिस्कवरील चिकटपट्टीचा अनुक्रमांक, तिची खोबण, खंडाचा यूयूआयडी आणि आतील मजकूर, अशी नोंद मी कागदावर ठेवतो. डिस्क बिघडली की चोवीसांतून नेमकी तीच काढायची असते. भलतीच काढली तर चालू काम बंद पडते. म्हणून हात लावण्यापूर्वी दोघेजण अनुक्रमांक मोठ्याने वाचून वहीशी ताडून पाहतो.

आता प्रत करणारा आदेश काहीही लगेच पुसत नाही. काढायच्या फाइली तो ३० दिवस बाजूला ठेवतो. ही मुभा मी आधीच ठेवली असती, तर त्या मासिकाची पाने आज संग्रहात असती.