यंत्राची पावले का चुकतात? नवी मोटर घेण्यापूर्वी करावयाच्या तीन तपासण्या

पुणे-सोलापूर महामार्गावरील वरवंडसारख्या गावातही सुतारकाम करणारा होतकरू कारागीर आता छोटा सीएनसी राउटर बसवू शकतो. दरवाजाची नक्षी, जाळी, कापडछपाईचे लाकडी ठसे अशी कामे त्यावर होतात. पण काम निम्म्यावर आले असताना नक्षी बाजूला सरकली, तर सागाची फळी जाते, दिवस जातो आणि गिऱ्हाइकाला दिलेला शब्दही जातो.

असे का होते? या यंत्रांत बहुधा स्टेपर मोटर असते. ती एकेक पाऊल टाकीत फिरते. नेहमीच्या मोटरचे पाऊल १.८ अंशांचे, म्हणजे एका फेऱ्यात २०० पावले. एका फेऱ्यात स्क्रू ८ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एक पाऊल ०.०४ मिलिमीटरचे झाले. कंट्रोलर फक्त हुकूम मोजतो. मोटरने तो पाळला की नाही, हे त्याला कळत नाही. कापड मोजणाऱ्याच्या हातून एक मीटर सुटावा आणि त्याने आकडा मात्र पुढे म्हणत राहावे, तसाच हा प्रकार. म्हणून मोटरला दोष देण्यापूर्वी पुढील तपासण्या कराव्यात.

पहिली तपासणी कपलिंगची. मोटरचा दांडा, कपलिंग आणि स्क्रू यांवर मार्करने एक सरळ रेघ ओढावी. काम झाल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर मोटर निर्दोष आहे. कपलिंगचा छोटा स्क्रू सैल आहे. तो आवळला की काम भागते.

दुसरी तपासणी हवेतली. बिट उचलून, स्पिंडल बंद ठेवून तेच काम चालवावे आणि यंत्र मूळ खुणेवर परत येते का पाहावे. बरोबर आले, तर स्पिंडल चालू करून पुन्हा हवेतच चालवावे. आता चुकले, तर स्पिंडलच्या तारांचा उपद्रव समजावा. तारा वेगळ्या कराव्यात आणि अर्थिंग नीट करावे. दोन्ही वेळा बरोबर आले, तर बिट बोथट आहे किंवा काप फार खोल आहे. पहिल्याच खेपेस चुकले, तर रुळांवरचा भुसा साफ करावा, वेग आणि ॲक्सिलरेशन निम्मे करावे. वेग वाढला की या मोटरचा जोर घटतो. ड्रायव्हरचा करंट मोटरवर लिहिला आहे तेवढाच ठेवावा. विजेचा दाब उतरतो त्याच वेळी चूक होत असेल, तर पॉवर सप्लाय मीटरने तपासावा.

तिसरी तपासणी फरकाच्या स्वभावाची. १०० मिलिमीटरला दर वेळी ९८च भरत असतील, तर पावले चुकत नाहीत; मिलिमीटरमागे पावलांचा आकडा चुकीचा भरला आहे. दिशा बदलताना ठरावीकच फरक पडतो आणि तो साठत नाही, तर नट झिजला आहे.

एक खबरदारी घ्यावी: वीज चालू असताना मोटरची तार कधीही काढू नये, ड्रायव्हर जळतो.

चूक ओळखणारी एन्कोडरची मोटरही बाजारात मिळते. पण एन्कोडर मोटरच्या दांड्यावर लक्ष ठेवतो. पुढचे कपलिंग निसटले तर त्यालाही पत्ता लागत नाही. तेव्हा खिशात हात घालण्यापूर्वी मार्करची रेघ ओढावी. मापात खोट राहिली, तर महाग यंत्रही धंदा वाचवीत नाही.