तळवड्याच्या आयटी पार्कमागची नीरजा सेठी

तळवड्याच्या आयटी पार्कमध्ये सिंटेल या आयटी कंपनीचं मोठं कॅम्पस उभं राहिलं, आपल्या भागातल्या कितीतरी मुलामुलींनी तिथे काम केलं. पण या कंपनीच्या सहसंस्थापक नीरजा सेठी किती जणांना ठाऊक आहेत? गणिताची पदवी, मग टीसीएसमध्ये नोकरी. 1980 मध्ये पती भरत देसाई यांच्यासोबत त्यांनी अमेरिकेत मिशिगनमधल्या ट्रॉय इथल्या राहत्या घरातून सिंटेल सुरू केली. भांडवल फक्त 2000 डॉलर! 2018 मध्ये फ्रान्सच्या अ‍ॅटोसने हीच कंपनी 3.4 अब्ज डॉलरला घेतली. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यांची देणगी: आयआयटी मुंबईतलं उद्योजकता विद्यालय देसाई-सेठी यांच्याच नावाने चालतं. मुलींनो, यांच्याबद्दल जरूर वाचा.