आर अँड डी फक्त मोठ्यांनाच परवडतं?

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतली उद्योजकांची बैठक असो की बुटीबोरीतलं चहापान, एक वाक्य हटकून कानावर येतं: ‘आर अँड डी मोठ्या कंपन्यांनी करावं, आपल्याला कुठं परवडतं?’ आणि सगळे माना डोलावतात.

रुपयांत मोजलं तर मोठी कंपनी जास्त खर्च करते, यात नवल ते काय? तिचं विजेचं बिलही मोठंच असतं. विचारायचं ते असं, की विक्रीच्या शंभर रुपयांतले संशोधनाला किती जातात? कोहेन, लेव्हिन आणि मोवरी यांनी १९८७ मध्ये अमेरिकी कंपन्यांबाबत हेच तपासलं. या प्रमाणातल्या फरकांपैकी एक टक्काही आकारावरून उलगडत नव्हता. जवळपास निम्मा फरक धंदा कोणता यावरून उलगडत होता. कंपन्यांच्या मोठ्या विभागांनी संशोधन करण्याची शक्यता जास्त, हे मात्र खरं. पण संशोधन करणाऱ्यांमध्ये विक्रीच्या तुलनेत मोठ्यांचा खर्च काही जास्त नव्हता.

अमेरिका लांब वाटते? मग वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स बघा. मुख्यालय नागपुरात, पसारा अवाढव्य. पण कोळशाचं गिऱ्हाईक दरवर्षी नवं मॉडेल मागत नाही. शिवाय ती ज्या कोल इंडियाची उपकंपनी, तिचं नियोजन-संशोधन रांचीची सीएमपीडीआय ही संस्था सांभाळते. औषधाच्या धंद्यात मात्र नवं रेणू-सूत्र नसेल तर उद्या विकायचं काय, हा प्रश्न मध्यम कंपनीलाही चुकत नाही.

नागपूरच्या सोलर समूहाचं ‘नागास्त्र-१’ हे ड्रोन आपण अभिमानानं मिरवतो. जून २०२४ मध्ये १२० ड्रोनची पहिली खेप लष्कराला मिळाली. पण ते घडवताना सोलरच्या उपकंपनीनं हात धरला तो बंगळूरूच्या झेड-मोशन या छोट्या कंपनीचा. स्फोटकं आणि उत्पादनाची ताकद मोठ्याकडे होती. उडणाऱ्या यंत्राची जाण छोट्याकडे.

आता किरकोळ गैरसमज.

स्वतःची प्रयोगशाळा हवीच? अॅल्युमिनियमवाल्यांना नागपूरजवळच्या वाडीचं जवाहरलाल नेहरू संशोधन केंद्र हाकेवर आहे.

लहान कारखान्यात संशोधन होतच नाही? फोरमननं डाय बदलून केलेले प्रयोग हिशेबात ‘दुरुस्ती’ म्हणून चढतात, मग आकडेवारीत दिसणार कसे?

सरकारच हात आखडतं? विज्ञान-तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये देशाचा संशोधनखर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के होता आणि त्यात खासगी उद्योगांचा वाटा सुमारे ३६ टक्केच. म्हणजे हात आखडता आहे तो उद्योगांचाही.

करात दुप्पट वजावट मिळते? अहो, ती २०१७ मध्येच दीडपट झाली आणि एप्रिल २०२० पासून जेवढा खर्च तेवढीच वजावट. सीएला विचारा.