अठरा करंडकांच्या आधीचा लिअँडर

येत्या 3 ऑगस्टला लिअँडर पेसच्या अटलांटातल्या ब्राँझपदकाला 30 वर्षं होतील. त्या निमित्ताने पुन्हा तीच यादी छापून येईल: पुरुष दुहेरीची 8 आणि मिश्र दुहेरीची 10 ग्रँड स्लॅम, सात ऑलिंपिक, 2024 मध्ये न्यूपोर्टच्या हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश. यादी खरी आहे, पण तिची उत्तरार्धातली पानं मी भराभर उलटतो. डॅम, ड्लोही, स्टेपानेक, कॅरा ब्लॅक, हिंगिस... जोडीदार बदलत गेले, करंडक येत गेले. 2003 मध्ये मेंदूतल्या संसर्गाने तो रुग्णालयात होता, तेव्हा मात्र जीव टांगणीला लागला होता.

माझा लिअँडर 1990 ते 1999 मधला. विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद घेऊन आलेला, कलकत्त्यात वाढलेला, मूळच्या गोव्याच्या घरातला मुलगा. वडील व्हेस पेस म्युनिकच्या हॉकी ब्राँझचे मानकरी, आई बास्केटबॉलमधली. एकेरीत तो 73व्या क्रमांकाच्या वर कधी गेला नाही, आणि हाच आकडा नाचवून त्याला मोडीत काढणारे पंडित तेव्हाही होते. सर्व्हिसला जोर नाही, बॅकहँड म्हणजे नुसता स्लाइस, उंची बेताची. खोटं काहीच नव्हतं. पण हीच मंडळी 1993 मध्ये फ्रान्सविरुद्धच्या डेव्हिस कप लढतीनंतर कुठे गायब झाली होती? फ्रेजूसची तांबडी माती, यजमानांनी मुद्दाम निवडलेली. त्यावर याने लकोंत आणि बोएच या दोघांनाही हरवलं. शेवटचा सामना रमेश कृष्णनने काढला आणि भारत उपांत्य फेरीत गेला.

दोन वर्षांनी दिल्लीच्या हिरवळीवर क्रोएशियाचा इव्हानिसेविच. आदल्याच वर्षी विम्बल्डनची फायनल खेळलेला, सर्व्हिस म्हणजे तोफ. पहिले दोन सेट 6-7, 4-6 असे गेले. पुढचे तीन लिअँडरने 7-6, 6-4, 6-1 घेतले. समोरच्याच्या दुसऱ्या सर्व्हिसवर चेंडू नुसता कापून खोल टाकायचा आणि त्याच्या मागोमाग नेटवर धावत जायचं. तिथे पोहोचला की हा माणूस दीड हात उंच झाल्यासारखा वाटे. रॅकेट छातीसमोर, मनगट घट्ट, आणि व्हॉली अशी अलगद मारायची की चेंडू दुसरा टप्पा घेईपर्यंत समोरचा जागचा हलत नसे.

अटलांटात तो वाइल्ड कार्डवर गेला होता. एन्क्विस्टला हरवलं, फुर्लानला हरवलं, उपांत्य फेरीत अॅगसीला पहिल्या सेटमध्ये टायब्रेकपर्यंत झुंजवलं. मग दुखावलेलं मनगट घेऊन मेलिजेनीविरुद्ध 3-6, 6-2, 6-4. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनंतर 44 वर्षांनी वैयक्तिक ऑलिंपिक पदक आलं, तेही एकेरीत. 1998 मध्ये न्यूपोर्टला एटीपीचं एकेरीचं विजेतेपद, त्याच मोसमात न्यू हेवनला सॅम्प्रसवर सरळ सेटमध्ये विजय. 1999 मध्ये भूपतीबरोबर चारही ग्रँड स्लॅमच्या फायनल, त्यातल्या पॅरिस आणि विम्बल्डन जिंकल्या. गुण मिळाला की छातीला छाती भिडवणारी ती जोडी पुढे एकमेकांचं तोंड बघेना.

त्या भांडणात लिअँडर काही धुतल्या तांदळासारखा नव्हता. पण 2012 च्या लंडनआधी भूपती आणि बोपण्णा त्याच्याबरोबर खेळायला तयार नाहीत म्हणून महासंघाने जी कसरत केली, ती मी अजून विसरलेलो नाही. खेळाडूंची समजूत काढता येईना, म्हणून दोन जोड्या पाठवल्या आणि पदक एकही आलं नाही.

पुण्यालाही त्याची शेवटची वर्षं दिसली. फेब्रुवारी 2017 मध्ये बालेवाडीत न्यूझीलंडविरुद्ध तो डेव्हिस कप दुहेरीतल्या विक्रमी 43व्या विजयासाठी उतरला आणि विष्णुवर्धनसह हरला. दोन महिन्यांनी नवा कर्णधार भूपतीने त्याला बंगळुरूच्या लढतीतून वगळलं. विक्रम झाला तो 2018 मध्ये चीनमधल्या तियानजिनला, बोपण्णाच्या साथीने. आता बोपण्णाही थांबला आहे. आणि चेन्नईहून 2018 मध्ये पुण्यात आलेली, इथल्या लोकांनी आपली मानलेली एटीपी स्पर्धा 2023 नंतर बंद पडली. कॅलेंडरवरची ती जागा हाँगकाँगने घेतली. देशात आज एटीपी टूरची एकही स्पर्धा नाही. चॅलेंजर भरतात, आणि तिथे आपल्या पोरांना वाइल्ड कार्ड मिळालं की आपण खूश.

डेव्हिस कपचं तर विचारूच नका. तीन दिवस, पाच सेट, पाहुण्यांना घाम फोडणारी घरची हिरवळ, यावरच लिअँडर पोसला होता. 2019 पासून पाच सेट सगळीकडूनच गेले. आमच्या गटात तर कात्री त्याआधीच लागली होती. तियानजिनचा विक्रमी सामनाही तीनच सेटचा. आजच्या नियमाने दिल्लीतला तो इव्हानिसेविचचा सामना दुसऱ्या सेटलाच संपला असता, आणि 6-7, 4-6 ने हरलेल्या पोराचं नाव पंडितांनी दुसऱ्या दिवशी खुशाल खोडलं असतं.