शिंग कापण्यापूर्वी

मोलगीच्या डोंगराळ मुलखात, जिथे बैल आजारी पडला म्हणजे घराची शेतीच अडून बसते, तिथे शिंगाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या एका बैलाचे शिंग कापण्यापूर्वी पशुवैद्यांनी जी तजवीज केली, तीत करवतीपेक्षा सुईचे कार्य मला अधिक विचारार्ह वाटले.

आदल्या दिवसापासून वैरण बंद ठेवलेल्या, अदमासे ३०० किलो वजनाच्या त्या जनावरास त्यांनी झायलाझिन टोचले ते अवघे ३० मिलिग्रॅम. घोड्यास वजनाच्या मानाने याच्या सुमारे दसपट मात्रा लागते. थोड्याच वेळात बैलाची मान लवली, लाळ गळू लागली आणि तो आपणहून बसला.

"झोपला का, साहेब?" धन्याने विचारले.

"गुंगी आलीय, दादा. पण इतक्यात कापायचं नाही."

मेंदूच्या बुंध्याशी नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचे जे द्रव्य प्राण्यास जागे व सावध ठेवते, त्याचा स्राव झायलाझिन आवरते, म्हणून गुंगी येते. आणि मेंदूकडून उतरलेले तेच द्रव्य पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत ज्या ग्राहकांवर बसून वेदनेचा संदेश अडविते, त्यांवर हे औषधही जाऊन बसते, म्हणून वेदना मंदावते. वेदना आवरण्यात अशा द्रव्यांचा वाटा केवढा मोठा आहे हे उमगण्यास आपली सर्पगंधाही कारण झाली. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिचा गुण जगापुढे मांडला; १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले; आणि रेसर्पिन दिलेल्या उंदरांत मॉर्फिनचे वेदनाशमन फिके पडते असे पुढे प्रयोगांत आढळले, कारण मेंदूतील सेरोटोनिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन यांचा साठा ते रिता करते. औषध वेदना स्वतः पुसत नाही. देहात आधीच असलेल्या बंदोबस्ताकडून ते काम करवून घेते.

तथापि निपचित पडलेले जनावर वेदनामुक्त असतेच असे नाही, आणि केवळ गुंगीच्या भरवशावर सुरी चालविणे हा मुक्या जिवावर उघड अन्याय होय. म्हणून पशुवैद्यांनी डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचे मूळ यांच्या मध्यावर लिग्नोकेन टोचून तेथील मज्जातंतू बधिर केला, शिंगाच्या बुडाशी सुई टोचून पाहिली, आणि बैल हलला नाही तेव्हाच तारेची करवत हाती घेतली.

झायलाझिनने पोटाचीही हालचाल मंदावते. पोट फुगू नये म्हणून बैलाला छातीवर टेकवून, लाळ बाहेर वाहावी अशा बेताने तोंड उताराकडे करून ठेवले होते.

"पाणी केव्हा दाखवू?"

"नीट उभा राहू दे, रवंथ करू दे, मग."