खर्ऱ्याच्या पुडीमागची वकिली
चंद्रपूर-गडचिरोलीच्या पानठेल्यांवर सुगंधित तंबाखूचा खर्रा घोटला जातो. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर आणि पुढे सुगंधित तंबाखूवरही बंदी आली. माल जप्त झाला की अन्न-औषध कायद्याच्या वकिलाचे काम सुरू होते.

तो आधी तारखा तपासतो. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार नमुन्याचे चार भाग करायचे, विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा. तो अमान्य असल्यास विक्रेत्याला ३० दिवसांत अपील करता येते. भामरागडच्या दुकानदाराला ही मुदत वेळेत कळणे, हीच मोठी मदत.

गुटख्याच्या गुन्ह्यात तेव्हाची भारतीय दंड संहिताही लावता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्राच्याच खटल्यात ठरवले. २०२४ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने त्या संहितेच्या भेसळीच्या कलमांपुढे अन्न सुरक्षा कायदाच वरचढ ठरवला.

दुकानदारांनो, अहवाल हाती पडताच त्यावर तारीख लिहून ठेवा.